हसतमुखांचं कूळ

बेल्युमर घराण्यात हसणं जवळजवळ सक्तीचंच होतं. आडनावाचा अर्थच मुळी हसतमुख. फ्रान्सहून आलेल्या एका सैनिकाला पलटणीत हे टोपणनाव पडलं, पुढं नातवंडा-पतवंडांनी तेच आडनाव म्हणून लावलं, असं क्वेबेकमधल्या त्या गावात प्रत्येक बेल्युमर पोराला जाणतेपणाआधीच पाठ असे.

त्या ऑगस्टमध्ये रोझेर बेल्युमरनं सगळं कूळ चर्चच्या सभागृहात जेवायला बोलावलं. रोझेर लाकडाच्या गिरणीचा मालक. मूळपुरुषाच्या नावाची पितळी पाटीही तोच बसवणार होता. वंशावळ काढायचं काम मात्र त्यानं चुलत बहिणीच्या, गाएतानच्या गळ्यात घातलं होतं. गाएतान बिनलग्नाची, म्हाताऱ्या आईजवळ राहणारी. दोन हिवाळे तिनं त्यात घातले.

पंगत बसायच्या आधी तिनं रोझेरला स्वयंपाकघरात गाठलं.

"सैनिकाचा वंश चाललाच नाही, रोझेर. एकुलता एक जोझेफ, तो तापानं गेला. मग सैनिकानं एक पोरगा विकत घेतला. पश्चिमेकडून पकडून आणलेला, आदिवासी. मेलेल्या पोराचं नाव त्याला लावलं आणि गुलाम म्हणून राबवला. आपण सगळे त्याचे."

"हळू बोल."

"आणि बेल्युमर हे नावही त्या पोराचंच. जुन्या दफ्तरात त्या वेळच्या शेजारणीची साक्ष आहे. आईसाठी सारखा रडायचा, म्हणून पलटणीतली माणसं चेष्टेनं त्याला हसतमुख म्हणायची. त्याचं खरं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही. पाटीवर निदान त्याचा उल्लेख तरी..."

रोझेरनं तिच्या हातातले कागद घेतले, घडी घालून खिशात कोंबले आणि तिचा गाल थोपटला. "बघतो हं."

जेवणं आटोपली तसा तो माइक घेऊन उभा राहिला.

"आमच्या गाएतानला मूळपुरुष पसंत नाही बरं का! नवरा एकही पसंत पडला नाही, आता पूर्वजही नापास. म्हणते, आपण गुलामाची अवलाद!"

हशा पिकला. गाएतानला वाटलं, इथंच थांबेल.

"तिचा तरी काय दोष? आमच्या रोलांद काकूंना अनाथालयाच्या पायरीवरून उचललं. आडनाव नन्सनी भाजीच्या टोपलीकडे बघून ठेवलं. आणि त्यांची लेक आम्हाला रक्त शिकवणार!"

सभागृह हसून कोसळलं. गाएतानचा सख्खा भाऊ टेबलावर मूठ आपटून हसत होता. आणि शेजारी तिची आई, रोलांद, काटा हातात तसाच धरून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होती.

परतताना गाडीत गाएताननं विचारलं, "आई, तो काय म्हणाला ते ऐकू आलं ना तुला?"

"आलं की."

"मग हसलीस कशी?"

"न हसून जाऊ कुठं? उद्या मला खांदा हीच माणसं देणार." म्हातारीनं मांडीवर पडलेले पावाचे कण झटकले. "तूही हसायला हवं होतंस. बाईच्या जातीला इतका ताठा बरा नाही. तुझ्या बापालाही लाज वाटली असती तुझी."

नदीकाठच्या रस्त्यानं गाएतान गाडी चालवत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात पाटी लागली. वंशावळही छापली. गाएताननं लावलेली एकूण एक पिढी जशीच्या तशी होती, फक्त तो पोरगा नव्हता. सैनिकाचा जोझेफ मेलाच नव्हता म्हणे. आभार रोझेरच्या बायकोचे मानले होते.

पाटी लागली त्या दिवशीचं आमंत्रण रोलांदला आलं, गाएतानला नाही. आईला घेऊन तिनंच चर्चपर्यंत गाडी नेली.

"तू इथंच बस," दार उघडता उघडता आई म्हणाली. "उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको."

ती काठी टेकत आत गेली. थोड्याच वेळात आतून हशा उठला, आणि त्यात आईचाही आवाज होता. बाहेर उकडत होतं, तरी गाएताननं गाडीच्या काचा वर घेतल्या.