कोपऱ्यावरच्या गाडीतली उशी

मी एक उशी बोलतेय. पलंगावर लोळणारी नव्हे हं, कामाची! आमच्या बाईंनी मला पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलं आणि आत काथ्या ठासून भरला. बाईंची उंची बेताची. माझ्यावर बसल्याशिवाय त्यांना स्टिअरिंगच्या पलीकडचं काही दिसत नाही.

बाई पडदे शिवतात आणि लोकांच्या घरी जाऊन लावूनही देतात. तीस वर्षं त्यांची ने-आण त्यांच्या नवऱ्याने केली. ते घड्याळं दुरुस्त करायचे. मी त्यांना काका म्हणते. आपल्या गाडीला ते दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बाईंकडे लायसन्स होतं, पण 'क्लच नाजूक आहे' या एका वाक्यावर ते कपाटातच राहिलं.

मग काकांचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तरी काका रोज सकाळी खाली जायचे, गाडी चालू करायचे, आत बसून बातम्या ऐकायचे आणि वर यायचे. गाडी विकू या, असं लेक एकदाच म्हणाली. त्या दिवशी काका जेवले नाहीत. गाडी गेली की आपण कुणाच्याच उपयोगाचे राहणार नाही, अशी धास्तीच घेतली होती त्यांनी.

शेवटी लेकीने बाईंच्या मोबाइलवर कोपऱ्यावर उभ्या असणाऱ्या भाड्याच्या गाडीची सोय करून दिली. हवी तेव्हा घ्यायची, काम झालं की तिथेच आणून ठेवायची. मग दुसरं कुणी नेणार. त्याच आठवड्यात माझा जन्म झाला.

काकांनी नाक मुरडलं. चार जणांची गाडी ती, कुणी काय सांडलंय कुणास ठाऊक! आणि खरंच, दर वेळी सीट कुणा लंबूने मागे ढकललेली आणि पायाशी बिस्किटांचा चुरा. बाई मुकाट्याने सीट पुढे ओढायच्या, मला टाकायच्या आणि निघायच्या.

एकदा पडद्यांचे दांडे फार जड होते, म्हणून काका सोबत आले. बायको चालवत असताना शेजारी बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. सगळा रस्ता पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. नेमकी चढावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला, बाईंना घाम फुटला. आता काका ओरडणार, असं मला वाटलं.

ते म्हणाले, "अगं, वाजवू देत त्यांना. तू क्लच हळू सोड."

गाडी चढली. त्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. बाई शिडीवर, काका खाली दांडा धरून, आणि परतताना दोघांच्या अखंड गप्पा. मी खाली दबलेली असले तरी कान उघडेच असतात माझे.

एका सकाळी मात्र काका येऊन गप्पच बसले. बाईंनी दोनदा विचारल्यावर म्हणाले, "आपल्या गाडीची बॅटरी पार उतरलीय. तीन आठवडे मी तिच्याकडे फिरकलोच नाही. आठवणसुद्धा झाली नाही गं."

बाई थोडा वेळ त्यांचा हात धरून बसल्या, मग गाडी चालू केली.

पुढच्या महिन्यात काकांनी आपणहून गाडी एका नर्सबाईंना विकली. आता तुमचं कसं होणार, असं त्यांनी काळजीने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "गाडी काय, कोपऱ्यावर मिळते. चालवणारी घरची आहे." हे बाईंनी गाडीत बसल्या बसल्या लेकीला फोन करून सांगितलं.

आज दोघं बोलण्याच्या नादात उतरली आणि मी सीटवरच राहिले. यानंतर ही गाडी न्यायची पाळी तुमची ना? मग तेवढं मला डिकीत फेकू नका, घरीही नेऊ नका. बाजूला ठेवा, त्या येतीलच. बाईंना माझ्याशिवाय रस्ता दिसत नाही, आणि काकांना बाईंशिवाय.