तीनची प्रार्थना

"वाईच थांबा सिस्टर, हिला पन आयकू दे," म्हणत यमुनाबाईने आत हाक घातली. "दीपाली, भायर ये गो. मामंजी शेवटाला काय बोलले, ते सिस्टरांच्या तोंडून आयक."

गेल्या वैशाखात घरात आलेली सून ओढणीला हात पुसत ओटीवर आली. रिबका सिस्टर खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. रत्नागिरीहून दीड तास एसटीने येऊन, वर जांभ्याची चढण चढून त्या जे सांगायला आल्या होत्या, ते ओठावर येईपर्यंत हे असं झालं.

"तुम्हीच सांगा," त्या कशाबशा म्हणाल्या.

यमुनाबाईला तेवढंच हवं होतं. "मी इस्पितळातनं मिरकरवाड्याला भयनीकडं पेज आनायला गेलेली. डबा घेऊन धावत आली, तर मानूस गेलेला. पन ह्या हुत्या त्यांच्यापाशी, हात हातात धरून. ह्यांना सांगितलानी, यमुनाचा गुडगा दुकतो, तिला धावू नको म्हनावं. येवडं बोलले नि डोळं मिटलानी."

"आई रोज सांगतात," दीपाली हसली. "एसटी सुटली तरी धावत नाहीत."

त्या घरात ते आता वचनच झालं होतं. दूध उतू चाललं तरी यमुनाबाई सावकाश उठे. आमच्यांनी सांगितलानी हाय, म्हणे. नऊ वर्षं त्या बाईचा गुडघा एका वाक्याच्या आधाराने चालला होता, आणि ते वाक्य तिच्या नवऱ्याने, महिपतने, कधी उच्चारलंच नव्हतं.

रिबका सिस्टर आणि खोटं, ही जोडी कुणाच्या मनातही आली नसती. तीस वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या एका खाजगी इस्पितळात नर्स म्हणून काढली. 'नाहीत म्हणून सांगा' असं डॉक्टरांनी खुणावलं, तर या फोनवर म्हणायच्या, "आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात." डॉक्टर कपाळाला हात लावायचे. कुणाविषयी मनात वाईट आलं, तर त्याला गाठून क्षमा मागायच्या. ज्याला काही पत्ताच नसे तो बिचारा पुढे चार दिवस अस्वस्थ. त्या नर्सेसच्या खोलीत शिरल्या की चाललेला हशा थांबे. एक चांगलं स्थळ त्यांनी, मुलगा फक्त नाताळात चर्चला जातो, म्हणून परत पाठवलं होतं. निर्मळ राहायचं तर एकटं राहावं लागतं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पुढेपुढे तर जितकं एकटेपण जास्त तितकी निर्मळता जास्त, असाच हिशेब होऊन बसला.

दुपारी तीनला वॉर्ड पेंगत असे. तेवढ्यात त्या चादरींच्या खोलीत जाऊन, दार लोटून पंधरा मिनिटं प्रार्थनेला बसत. महिपत वारला त्या दिवशी चारपाच मिनिटं झाली असतील नसतील, वॉर्डातून हाक आली. "कोन हाय काय?" महिपतचाच आवाज. प्रार्थना अर्धी टाकून उठायचं नाही, हा त्यांचा नेम होता. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, बारीक. त्यांनी डोळे अधिकच घट्ट मिटले. आमेन म्हणून बाहेर आल्या तेव्हा महिपतचा हात खाटेबाहेर लोंबत होता, आणि पेजेचा डबा घेऊन यमुनाबाई दारातून लंगडत धावत येत होती. तिच्या तोंडाकडे बघवेना. मग जे बोलून गेल्या ते गेल्या.

इतकी वर्षं त्या या खोट्याला दया म्हणत आल्या. दोन महिन्यांपूर्वी चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना स्त्रियांच्या सभेत 'निर्मळ मन' या विषयावर बोलायला सांगितलं. "तुमच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?" ते म्हणाले. त्या कागद घेऊन बसल्या, आणि पहिल्याच ओळीला ती हाक ऐकू आली. सभेला त्या गेल्या नाहीत. त्यानंतर चर्चमध्ये दोनदा प्रभुभोजन झालं, ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर वाटली गेली, आणि दोन्ही वेळा समोर आलेलं भाकरीचं ताट त्यांनी शेजारणीकडे सरकवलं. मन साफ नसेल तर ते घ्यायचं नाही, हे त्या लहान मुलींना शिकवत आल्या होत्या. बायका कुजबुजू लागल्या. येत्या रविवारी ताट पुन्हा येणार होतं. त्याआधी खरं सांगून मोकळं व्हावं, म्हणून त्या आज इथे आल्या होत्या.

दीपाली सरबत करायला आत गेली.

"यमुनाबाई," त्या म्हणाल्या, "ते तसं काही बोलले नव्हते. मी मनाचंच सांगितलं. मला क्षमा करा."

यमुनाबाई तशीच हसत राहिली, हसू आवरायचं विसरल्यासारखी. मग तिने पसरलेला पाय जवळ ओढला आणि गुडघ्यावरून हात फिरवू लागली. अंगणात आमसुलं वाळत होती. त्यांवर कोंबडी चढली, तरी तिने हाकलली नाही.

"गुडग्याचं पन नाय?"

"नाही."

"सबंद जल्मात त्यांनी माज्या गुडग्याचं इचारलानी नवतं," यमुनाबाई म्हणाली. "मना वाटलं, शेवटाला तरी ध्येनात आलं."

खरं बोललं की हलकं वाटतं, असं रिबका सिस्टर लोकांना सांगत आल्या होत्या. त्यांना हलकं वाटलं नाही. आपल्या डोक्यावरचं उचलून आपण या बाईच्या डोक्यावर ठेवलं, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि अजून अर्धं सांगायचं उरलंच होतं.

यमुनाबाईने मान वर केली. "नाय बोलले तर नाय. पन सिस्टर, तुमी हुतात ना तितं? येकटं नाय ना गेलं मानूस?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते दिलं असतं तर रविवारी ताट घ्यायला काही आडकाठी उरली नसती. देवाला सत्यच लागतं, याबद्दल त्यांना आजही शंका नव्हती. आपण आता काय करतो आहोत, हेही त्यांना नीट कळत होतं.

"होते," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात माझ्या हातात होता. शेवटपर्यंत."

यमुनाबाईने श्वास सोडला. "मंग झालं तर."

सरबत पिऊन त्या निघाल्या. यमुनाबाई थांब्यापर्यंत सोबत आली. गाडी चुकेल म्हणून ती उतरणीवरून लंगडत भरभर चालत होती, आणि तिला सावकाश चला म्हणायचं धाडस रिबका सिस्टरांना झालं नाही.

थांब्यावर पोचल्यावर यमुनाबाईने विचारलं, "त्यांचा हात कोंच्या हातात हुता वो?"

"उजव्या."

तिने तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे तळवे आमसुलांनी लाल झाले होते. आपला हात याआधी कुणी कधी धरला होता, ते रिबका सिस्टरांना आठवेना. हा स्पर्शसुद्धा आपला नाही, महिपतच्या नावाचा आहे, हे त्यांना समजत होतं. रविवारी ताट पुढे सरकवायचं, त्याच्या पुढच्या महिन्यातही सरकवायचं, आणि का ते कुणालाच सांगायचं नाही.

एसटी आली. यमुनाबाईने हात सोडला नाही, आणि रिबका सिस्टरांनी तो सोडवून घेतला नाही.

"बाई, चढताय ना?" कंडक्टरने विचारलं. त्या पायरीपाशी तशाच उभ्या राहिल्या.