इंजिन डिचोलीत, मी मांद्र्यात

मी मॉरिस मायनर बोलतेय. बोलतेय कसली, कुरकुरतेय म्हणा. मांद्र्याच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर मला उभी केलीय आणि येणारा-जाणारा माझ्या बॉनेटवर कोपर टेकून फोटो काढतोय. बॉनेट उघडून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. बघून तरी काय मिळणार? आत इंजिनच नाही.

माझा जन्म परदेशात, पण ते मला आठवत नाही. बोटीतून मुरगाव बंदरात उतरले तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीजांचं राज्य होतं. डिचोलीच्या रामचंद्रबाबांचं कापडाचं दुकान होतं, त्यांनी मला घेतलं. पुढे गोवा मुक्त झाला, माझी नंबरप्लेट बदलली, काम तेच राहिलं. म्हापशाहून कापडाचे गठ्ठे आणायचे, आणि वाड्यावर कुणी अडली की तिला इस्पितळात न्यायचं. सात बाळंतिणी मी वेळेवर पोचवल्या. आठवी वाटेतच, माझ्या मागच्या सीटवर मोकळी झाली. बाबांनी सीट स्वतः धुतली आणि वर त्या घरी पेढेही मागितले.

बाबा गेले आणि माझे दिवस फिरले. थोरला अनंत वास्कोला बंदरात नोकरीला. धाकटा सगुण सुर्ल्याच्या खाणीवर, खनिज वाहणाऱ्या टिप्पर ट्रकांचा मेकॅनिक. मला मागीलदारच्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात, ढकललं. माझ्या टपावर नारळ, पोटात जळाऊ लाकडं, आणि मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. गावभरच्या टिप्परांना औषधपाणी करणारा माणूस रोज माझ्यासमोरून जायचा, पण कधी हात म्हणून लावला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग खाणी बंद पडल्या. टिप्पर रांगेने उभे राहिले आणि सगुण घरी बसला. सकाळी उठायचा, डबा नाही, ड्युटी नाही, नुसता सोप्यावर बसून हात चोळायचा. त्याच्या मुलीला, विनोदिनीला, ते बघवेना. इंजिनियरिंगचा डिप्लोमा झालेली पोर ती, कारखान्यात नोकरी करते. एक दिवस तिने मांगराचं दार उघडलं, कोंबडी हाकलली आणि म्हणाली, "बाबा, ही चालू करूया."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण माझा आनंद आठवडाभर टिकला असेल. सगुणला टिप्परच ठाऊक. जाम झालेलं दार त्याने घणाने उघडलं. रंग लावला तोही टिप्परांचा उरलेला पिवळा. रामचंद्रबाबांची मी मऊ राखाडी गाडी, हळदीला बसवल्यासारखी दिसायला लागले. विनोदिनी माझ्या दुरुस्तीचं पुस्तक उघडून एकेक पान वाचायची आणि हा म्हणायचा, "पुस्तकात काय आसा? हातात आसा सगळां."

मे महिन्यात अनंत आला. माझ्यात त्याचाही अर्धा वाटा. मांद्र्याचा एक हॉटेलवाला त्याच्याकडे मला मागत होता, शोभेला ठेवायला. अनंत म्हणाला, "चवथीक मी येतलों. गाडी देवळापर्यंत जाऊन परत आली तर ठेव तुझ्याकडे. नाय तर ती हॉटेलवाल्याक देऊया."

झालं. त्या दिवसापासून बापलेक माझ्याशी झटायला लागले. इंजिन खोललं, धुतलं, जोडलं. शेवटी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, बसवायचं राहिलं. त्याचे नट ठरावीक जोरानेच आवळायचे असतात. विनोदिनीने म्हापशाच्या गॅरेजमधून किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारा पाना मागून आणला आणि सगळे नट स्वतः आवळले. सगुण बघत होता. "इतक्यान कसां जातलां?" तो म्हणाला.

"जातलां, बाबा. ही टिप्पर नाय. पान्याक पायप लावू नाका."

"तू माका शिकवतंस? तीस वर्सां टिप्पर सांभाळले मी."

चवथीला दोन दिवस होते. विनोदिनी आईबरोबर माटोळीचा बाजार करायला गेली, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं आणायला. सगुण एकटाच माझ्यापाशी आला. पान्याच्या दांड्याला हातभर पायप अडकवला, म्हणजे जोर चौपट, आणि दिला रेटा. कट्ट. हेड धरून ठेवणारा स्टड आतच तुटला.

सगुण खाली बसला. मला वाटलं, आता हाक मारील मुलीला. कसला मारतोय! तुटका तुकडा नटासकट होता तसा जागेवर ठेवला, भोवती काळी पेस्ट फासली आणि हात पुसून आत गेला. पोरीपुढे मान खाली घालायची लाज वाटली त्याला. टिप्परांना असलं काहीबाही चालतं. मला चालत नाही हो!

चवथीच्या दिवशी आरती झाली आणि सगळं घर बाहेर आलं. विनोदिनीने चावी फिरवली, आणि मी चालू झाले. तीस वर्षांनी! सगुण तिच्या शेजारी, अनंत मागे. देवळाचा चढ मी अर्धा चढले आणि हेडमधून वाफ फुसफुसली, पाणी सिलिंडरमध्ये शिरलं. मी दात आवळून आणखी चार हात गेले. मग सगळं संपलं.

विनोदिनीने बॉनेट उघडलं. नटाला हात लावला, तो तुकड्यासकट हातात आला.

"पायप लावलंस मरे, सगुण?" अनंतने विचारलं. 

विनोदिनी एवढंच म्हणाली, "बाबा, सांगलं आसतां तर? दोन दिवस होते आपल्याकडे."

मांद्र्याला न्यायला माझ्या वाट्याला एक टिप्परच आला. हिरवळीवर तेल गळायला नको, म्हणून हॉटेलवाल्याने इंजिन नाकारलं होतं. सगुणने ते आपल्या हाताने काढून ठेवलं आणि मला टिप्परात चढवलं. मला त्याचा राग आला होता. अजून आहे.

गेल्या रविवारी दोघं मला भेटायला आली. सगुणने माझ्या पिवळ्या दारावरून हात फिरवला. विनोदिनीने मोबाईल काढला आणि माझ्या बॉनेटला लावला. त्यातून आवाज आला. एकसारखा, बारीक, कुठे अडखळणं नाही. तुटका स्टड काढून तिने नवा बसवला होता आणि मांगरात लाकडी घोडीवर इंजिन चालवून त्याचा आवाज भरून आणला होता.

"आयक," सगुण मला म्हणाला. "नट काट्यावाल्या पान्यान आवळले मी. पायप नाय लावलो."

आता शहाणपण आलं, सगुणबाब? ऐकलं मी. असं सुरेख तर मी नवी होते तेव्हाही चालत नव्हते. पण ते मला असं लांबून ऐकवू नका. अनंतच्या हातापाया पडा, हॉटेलवाल्याला दुसरी एखादी शोभा द्या, काहीही करा. ते इंजिन घेऊन या आणि माझ्यात बसवा. आणि तेवढं होणार नसेल, तर घरी जाऊन ते बंद करा.