नऊ लिटर

“साडेनऊ ते अकरा. दीड तास घरातल्या एकाही नळाला हात लावायचा नाही,” वडील दारातूनच म्हणाले. “किटली भरलेली आहे. संडासात बादली भरून ठेवलीय. आणि हेदर, तुला सांगतोय मी, तुझ्या पुस्तकाला नाही.”

“ऐकलं, डॅड. एक्कावन्न वर्षांची आहे मी.”

“म्हणूनच दोनदा सांगावं लागतं.”

बाहेर गाडीत बसलेल्या आईनं हॉर्न वाजवला. फेब्रुवारीतला पहिला रविवार होता, चर्चला उशीर होत होता, आणि वडील अजून फाटकाजवळ उकिडवे बसून मीटरचा आकडा वहीत उतरवत होते.

हेदरचे वडील क्लेम पास्को यांनी ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोत एकतीस वर्षं लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले. झाकण उचलायचं, कोळी झटकायचे, आकडा लिहायचा, पुढचं घर. चारदा कुत्रं चावलं. निवृत्तीनंतर वाचायला एकच मीटर उरला, स्वतःचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घर रिकामं असताना तो चर्चला जाताना आणि परतल्यावर वाचायचा, आणि दोन्ही आकडे सारखे आले की घरातल्या नळ्या धडधाकट आहेत असं समजायचं. त्याच दिवशी घरातले सगळे कॉक एकदा बंद-चालू करायचे, म्हणजे ऐन वेळी अडकत नाहीत. सिंकखाली हात घालून स्टीलच्या जाळीच्या लवचीक नळ्या चाचपायच्या. प्रत्येक नळीवर ती बसवल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहिलेली असे. गल्ली याला हसायची. मग चौदा नंबरची नॅनकर्व्हिस मंडळी पंधरा दिवस क्वीन्सलँडला गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सिंकखालची नळी फुटली. परत आली तेव्हा जमिनीच्या फळ्या इतक्या फुगल्या होत्या की पुढचं दारच उघडेना. त्यानंतर हसणं थांबलं आणि ‘क्लेम, आमच्याही नळ्या बघून जा ना’ सुरू झालं.

हेदर शुक्रवारी मेलबर्नहून आली होती. दहाच्या सुमाराला ती पलंगावरून उठली, पुस्तकाच्या पानांत बोट तसंच ठेवून संडासात गेली, आली, हात धुतले. टॉवेलला हात पुसताना तिला संडासाच्या उघड्या दारातून बादली दिसली. काठोकाठ भरलेली.

अकराला फाटकाजवळ झाकण वाजलं. मग पुन्हा एकदा वाजलं.

“हेदर! पाणी घेतलंस का गं?”

“नाही,” ती म्हणाली.

का म्हणाली, ते तिला तेव्हाही कळलं नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून निघावा तसा तो शब्द निघून गेला. मिनिटभरात सांगू, असं तिनं ठरवलं. पण वडील आत आले ते कामावर परत बोलावणं आल्यासारखे.

“नऊ लिटर! दीड तासात नऊ! डल्सी, ऐकतेस का?”

“आधी चर्चचे कपडे उतरव,” आई म्हणाली.

त्यांनी प्रत्येक नळी चाचपली. केकमध्ये घालायचा निळा रंग आईच्या फडताळातून घेऊन फ्लशच्या टाकीत थेंबभर टाकला आणि भांड्यात उतरतो का ते बघत बसले. उतरला नाही. मग विजेरी घेऊन ते घराखाली शिरले. घर लाकडी खुंटांवर उभं. धुण्याच्या खोलीशेजारच्या झडपेतून पोटावर सरपटत आत जावं लागे. जेवणासाठी भाजलेली कोंबडी निवत आली तेव्हा ते केसांत कोळ्यांची जाळी घेऊन बाहेर आले.

“खाली सगळं खडखडीत कोरडं आहे. मग नऊ लिटर गेले कुठं? मला काही कळत नाही.”

हे वाक्य हेदरनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आता सांगावं, असं तिला वाटलं.

“मीटर म्हातारा झाला असेल,” बटाटे वाढत आई म्हणाली.

“मीटर म्हातारा होत नसतो, बाई.”

“मग वाचणारा झाला असेल.”

वडील जेवू लागले. आता मधेच ‘मीच ते’ म्हणणं हेदरला फार हास्यास्पद वाटलं. दुपारपर्यंत कंटाळून विषय सोडतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

तीनला ती निघाली तेव्हा ते पुन्हा घराखाली होते.

“डॅड, निघते मी!”

जमिनीवर खालून दोनदा टकटक झाली. “सावकाश चालव. काइनटनच्या पुढं पोलीस उभे असतात.”

सोमवारी सकाळी आठला आईचा फोन आला. उन्हं चढायच्या आत म्हणून वडील सहालाच पुन्हा घराखाली शिरले होते आणि सातला हाक मारली तरी बाहेर आले नव्हते. रुग्णवाहिकेची माणसं पोटावर सरपटत त्यांच्यापर्यंत पोचली. हृदय बंद पडलं होतं. ऐंशीव्या वर्षी हे कुठंही झालं असतं, अंथरुणातही, डॉक्टर म्हणाले. पुढं जो आला तो तेच म्हणाला.

दफन झाल्यावर शेरिल टॉन्किन ही प्लंबर आपण होऊन घर बघायला आली. बाथरूममधल्या बेसिनखाली बराच वेळ आडवी पडून होती.

“आहे बघा. या नळीच्या नटावर थेंब धरतोय. नळी बदलते.”

“म्हणजे क्लेम बरोबर होता,” आई म्हणाली.

“बरोबर, पण... हे थेंबाथेंबाचं काम, मिसेस पास्को. दीड तासात फार तर कपभर. आणि त्या दिवशी होतं की आत्ता सुरू झालं, कोण सांगणार?”

आईनं पुढचं ऐकलं नसावं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगू लागली, क्लेमनं शेवटच्या दिवशीही गळती पकडली.

मेलबर्नला परतताना हेदर पुन्हा पुन्हा बेरीज करत राहिली. फ्लशच्या टाकीवर साडेचार लिटर लिहिलेलं होतं. हात धुवायला एखादा. थेंबांचा कपभर. नऊ होत नव्हते. तिनं बटण दोनदा दाबलं होतं का? तेव्हा वाचत असलेलं वाक्य तिला स्वल्पविरामासकट आठवत होतं. बटण आठवत नव्हतं. कधी वाटायचं, निम्मं तरी दुसऱ्या कशानं गेलं असेल. कधी वाटायचं, निम्मं काय आणि सगळं काय.

तीन आठवड्यांनी ती परत बेंडिगोला गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई आभाराची पत्रं लिहीत होती आणि हेदर पाकिटांना तिकिटं लावत होती. नॅनकर्व्हिसांचं पत्र अर्धवट असताना आईनं पेन खाली ठेवलं.

“हेदर, मी सगळ्यांना सांगते ना, तो बरोबर होता म्हणून?”

“हो.”

“शेरिल कपभर म्हणाली ते मी ऐकलं होतं गं. बहिरी नाही मी.” तिनं चष्मा काढला. “त्या रविवारी रात्री तो झोपलाच नाही. सारखा उठून वही बघायचा. म्हणाला, ‘डल्सी, आकडा मीच तर चुकीचा वाचला नाही ना?’ मी म्हटलं, झोप आता, म्हातारा झालास. असं म्हटलं मी. एकतीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता त्याचा. सहाला उठला तो मला खोटं पाडायलाच. आता मला कळत नाही, खरंच का त्याला दिसेनासं झालं होतं? डोकं चालेनासं झालं होतं? आणि मी बायको असून माझ्या लक्षात आलं नाही?”

हेदरच्या बोटाला तिकीट चिकटलं होतं. ती ते सोडवत बसली. मग तसंच राहू दिलं.

“त्यानं बरोबर वाचला होता, मम.”

“तुला काय माहीत?”

“पाणी मी वापरलं होतं. त्यानं मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले.”