बाप्याचं काम

रत्नमाला गेली, हे डॉक्टरांनी सकाळी नऊला सांगितलं. लकव्यानं नाही, पाठीवरच्या जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. किती दिवस पाठीवरच पडून होत्या, असं त्यांनी तिच्या नवऱ्याला, राजेंद्रला विचारलं.

एकवीस वर्षं रत्नमाला नर्सिंगच्या मुलींना शिकवत होती. सारं आयुष्य याच कामात घातलेल्या एका अमेरिकन परिचारिकेचा विचार तिनं मनाशी धरला होता: अंगात बळ असतं तर आजारी माणसानं स्वतःसाठी जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करायचं. त्यात बाई-बाप्या नसतो, हे ती घरीही सांगायची. राजेंद्र हसून भाकरी मोडायचा.

मग तिचंच उजवं अंग गेलं. बजाजनगरच्या दोन खोल्यांत राजेंद्र, त्याची म्हातारी आई आशाबाई आणि खाटेवर ती. आई दिवसातून एकदा कसाबसा गाऊन बदलायची, पण सुनेला वळवणं तिला झेपत नव्हतं. राजेंद्रला झेपलं असतं. कंपनीत तो रोज चाळीस-चाळीस किलोचा माल उचलतो.

"अहो, कूस... बदला," रत्नमाला अडखळत म्हणाली. तो वाकला, तशी आई म्हणाली, "सरक तिकडं. बाप्यानं बायकोचं हगणं-मुतणं काढायचं व्हय? लीला येतीय नं कन्नडहून."

शेजारचा बद्रीनाथ दारातच उभा होता. "राजूभाऊ, आता साडी नेसवायला बी शिका."

आई हसली. राजेंद्रही हसला आणि बाहेर गेला.

राजेंद्रची बहीण लीलाबाई घरचं लग्न उरकून त्यानंतर अकराव्या दिवशी आली. तिनं वहिनीला वळवलं आणि तोंडावर पदर घेतला. पाठीचं हाड दिसत होतं.

पुण्यानुमोदनाला, तिला आदरांजली वाहायला जमलेले लोक रत्नमालाचे गुण सांगत होते. राजेंद्र उठला. "ती लकव्यानं नाय गेली. मला लाज वाटली, म्हून गेली." आईनं त्याचा सदरा ओढला. तो बसला नाही.

रत्नमालाच्या कॉलेजातल्या बाईंनी दर रविवारी येऊन नवऱ्यांना खाटेवरच्या माणसाला वळवायचं, पुसायचं काम शिकवायचं कबूल केलं आहे. राजेंद्र गल्लीत दारोदार जाऊन शिकायला येता का, विचारतो. लोक चहा देतात, विषय बदलतात. आतापर्यंत बत्तीस घरं झाली. त्यांतल्या चार घरांत बाई खाटेवर आहे.

अजून एकही नवरा आलेला नाही.