जुनी हत्यारं कायले पायजेत?

"जुनी हत्यारं कायले पायजेत तुमाले?" दसरूमामाने विचारलं. "आन् फुकट दिली त तुमी त्याइचं का करता?"

शामकलाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती याच टोल्यावरची, चोरखमारा तलावापलीकडच्या या लहानशा वस्तीतली. आईबाप गेल्यावर मामानेच तिला वाढवलं होतं. आमगावच्या एका संस्थेत ती सुतारकाम शिकली आणि पुढे तिथेच शिकवायला लागली. शिकायला येणाऱ्या पोरापोरींना स्वतःची हत्यारं घ्यायची ऐपत नसायची. म्हणून संस्था घरोघरी पडून असलेली हत्यारं मागून आणायची. त्यांचा गंज काढायचा, मुठी बदलायच्या, धार लावायची आणि शिकून बाहेर पडणाऱ्याच्या हातात ती द्यायची.

"तुमची करवत खोलीत गंजून रायली मामा. कोनाच्या तरी पोटाले लागंल."

"आज करवत नेता. उद्या कोनी म्हनंल, या घरी करवत हाये, त्या घरी कुऱ्हाड हाये. जंगलवाल्याइच्या कानावर गेलं मंग?"

संस्थेचा भूपेंद्र तिच्यासोबत आला होता. गोंदिया शहरात वाढलेला, अर्धं हिंदीत बोलणारा. तो हसला. "काका, टेन्शन नका घेऊ. आमचा त्यांच्याशी काय संबंध?"

मामाला ते हसणं आवडलं नाही. पण भाचीकडे पाहून तो आत गेला आणि करवत, रंधा, पटाश्या घेऊन आला. त्याने दिली म्हटल्यावर शेजारचेही उठले. भूपेंद्रने सगळी हत्यारं मामाच्या अंगणात मांडली, कुणी काय दिलं ते विचारून घेतलं आणि मामा-भाचीला मध्ये उभं करून फोटो काढला.

त्याच आठवड्यात जंगलखात्याची जीप टोल्यावर आली. इकडेतिकडे न बघता माणसं दसरूमामाच्या घरी शिरली, तिथून थेट गोठ्यामागे. तिथे रचलेले सागवानाचे वासे त्यांनी गाडीत घातले आणि नेले. दुसऱ्या कुणाच्या दारात ते उभेही राहिले नाहीत.

शामकला धावत आली तेव्हा नंदामामी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पाणीही विचारलं नाही.

"सरके गोठ्यामांगं गेले," मामा म्हणाला. "कोनाले रस्ताबी नाही विचारला. कोनं सांगतलं वं?"

"मी काऊन सांगीन मामा?"

"मंग तुया साहेबानं सांगतलं."

परतताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं. घरोघरची नावं भूपेंद्रने कशाला विचारली? मामाच्याच अंगणात सगळं का मांडलं? जीप आल्याचं तिने फोनवर कळवलं तेव्हा तो "अरेरे" म्हणाला आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागला, ते का?

वर्कशॉपमध्ये रुची नावाची मुलगी कानशीने मामाच्या करवतीचे दात घासत होती. गंज गेला होता, पातं चमकत होतं. शामकलाला तिकडे बघवेना. भूपेंद्र कुणाशी बोलतो, काय बोलतो, याकडेच तिचे कान लागलेले. शेवटी एकदा दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ती त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, नावं कायले घेतली होती?"

"अरे, दान देणाऱ्यांचे आभार नको मानायला?" तो थांबला. "तू माझ्यावर शक करून राहिली का?"

"हो."

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. "घे. सगळं बघून घे."

तो चिडला म्हणून ती मागे हटली नाही. तिने खरंच बघितलं. जंगलखात्यातल्या कुणाशी बोलणं नव्हतं, निरोप नव्हता. मग तिने संस्थेचं फेसबुकचं पान उघडलं. सगळ्यात वर तोच फोटो. खाली मामाचं पूर्ण नाव, टोल्याचं नाव आणि मनःपूर्वक आभार. फोटोत मामा-भाची, पुढे हत्यारं. आणि मामाच्या खांद्यामागे, गोठ्याआडून डोकावणारे, रचलेले वासे. तिने बोटांनी फोटो मोठा केला आणि फोन त्याच्याकडे वळवला.

"मी फक्त हत्यारांकडे बघितलं गं," तो हळूच म्हणाला. "थांब, डिलीट करतो."

"ते करा. पन पयले मामाकडे चला."

"मारतील मला लोक."

"मारतीन त मारतीन."

कुणी मारलं नाही. मामाने फोटो नीट पाहिला, मामीला दाखवला. "म्हंजे तुमीच सांगतलं," तो म्हणाला.

"मुद्दाम नाही काका."

"लाकडं त गेलीच ना माही."

ते वासे त्याच्या पाडलेल्या जुन्या घराच्या छपराचे होते, नव्या दारांसाठी राखलेले. भूपेंद्र त्याला गाडीवर मागे बसवून जंगलखात्याच्या कचेरीत घेऊन गेला. साहेब भेटेना, तरी पुन्हा पुन्हा नेत राहिला. अखेर ग्रामपंचायतीचा दाखला आणि वाशांवरची खिळ्यांची जुनी भोकं पाहून लाकडं सुटली. मामाने ती ट्रॅक्टरवर घालून आणली. त्या दिवशी मामीने शामकलाला जेवायला थांबवून घेतलं.

टोल्यावरून मात्र पुन्हा कुणी हत्यार दिलं नाही. शामकलाने फोन हातात घेतला तरी बाया पदर ओढून आत जातात.

भूपेंद्र तिच्याशी पूर्वीसारखाच बोलतो. फक्त आता कुणाचाही फोन आला की तो तिच्यासमोरच घेतो, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. तिला ते ऐकवत नाही. पण तसं करू नका, असंही तिने अजून त्याला म्हटलेलं नाही.