कुंपणालगतची मेथी

शालनबाईंनी वाफ्यातली मूठभर माती मिनलच्या हातावर ठेवली आणि हात पदराला पुसले. मिनल त्यांची भाची, कृषी महाविद्यालयात शिकलेली. तिने ती माती डब्यातल्या पाण्यात ढवळली, निवळू दिली आणि पेनासारखे एक यंत्र त्यात बुडवले.

"साडेचार. आत्या, ही माती आंबट झालीय. भाजीला सामू, म्हणजे पीएच, साडेसहा-सातच्या आसपास लागतो. यात मेथीची मुळं जळणारच."

शालनबाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिले. पलीकडे गाड्यांच्या सुट्या भागांना मुलामा चढवणारी कंपनी होती. भिंतीच्या बुडातून पिवळसर पाणी झिरपायचे. आधी त्यांच्या वावरात, मग उताराने रोहिदासच्या. रोहिदास त्यांचा चुलत दीर. निघोजे गावाच्या त्या अंगाला नांगर धरणारी ही दोनच घरे उरली होती. बाकी सगळ्या शेड.

"मग उपाय काय?"

"चुना. पण आधी पाणी थांबायला हवं."

पाणी थांबावे म्हणून रोहिदासने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. चुना मात्र शेखरने आणला. शेखर गावातलाच, त्याच कंपनीत सुपरवायझर. एका सकाळी त्याचा टेम्पो बांधाशी येऊन थांबला.

"काकू, साहेबांनी पाठवलाय. शेणखतपण येईल. भिंतीलगत सिमेंटचा पट्टा ओतून देतो, म्हणजे पाणी तुमच्यात शिरणार न्हाई."

"आन् भावजींना?"

"त्यांनी तक्रार केली ना. साहेब नाराज हायेत. जरा निवळू द्या."

शालनबाई टेम्पोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मागचा फळका स्वतःच पाडला.

चुन्याने त्यांच्या बोटांना चिरा पडल्या. माती कालवली, खत घातले, पुन्हा कालवली. सिमेंटच्या पट्ट्यावरून पाणी आता त्यांना वळसा घालून सरळ खाली रोहिदासच्या वावरात जात होते. रोहिदास बांधावर उभा राहून बघायचा.

"टाक वहिनी," तो एकदा म्हणाला. "तुझं तरी पिकू दे."

थंडीत मेथी आली. पाने रुंद, काळपट हिरवी. शालनबाई सकाळी उठून नुसत्या तिच्यात उभ्या राहत.

माघात तक्रारीची पाहणी करायला अधिकारी आले. शेखर त्यांना कुंपणाच्या बाजूने घेऊन आला. मागून रोहिदास चालत होता, हातात आपल्या वावरातला कांदा. पात सुकलेली, मुळे तपकिरी.

अधिकाऱ्याने मेथीतली माती तपासली. "सामू पावणेसात. उत्तम आहे की. बाई, कंपनीच्या पाण्याचा तुम्हाला त्रास?"

चुन्याचे नाव शालनबाईंच्या ओठांवर आले होते. शेखर त्यांच्याकडे पाहत नव्हता, मेथीकडे पाहत होता. येत्या पावसाळ्यानंतर पुन्हा चुना लागणार, असे मिनलने बजावले होते.

"आता न्हाई," त्या म्हणाल्या.

"साहेब, खाली चला," रोहिदास म्हणाला. "माझ्या वावरात बघा."

"बघू ना. पण भिंतीला चिकटून असलेली जमीन चांगली, आणि तुमची लांबची खराब, हे कसं? युरिया किती टाकता? त्यानेही माती आंबट होते."

रोहिदास वहिनीकडे बघत राहिला. शालनबाई खाली वाकल्या आणि पिवळे पान शोधू लागल्या. पिवळे पान एकही नव्हते.

अधिकारी खाली गेले आणि लगेच वर आले. गाड्या निघून गेल्या.

दिवस कलताना शालनबाईंनी मेथी उपटली, मोठी जुडी बांधली आणि बांधाने रोहिदासच्या घराकडे निघाल्या. समोरून तो बैल घेऊन येत होता. बांध अरुंद. दोघेही थांबले.

"भावजी, मी त्या साहेबाला सांगणार व्हते. पर—"

रोहिदासने बैलाचा कासरा आखडून धरला. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो शाळेत जात होता; तेव्हापासून त्याने त्यांना ‘वहिनी’शिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "जरा बाजूला व्हता का? बैल न्यायचाय."

शालनबाई जुडी छातीशी धरून बांधावरून खाली उतरल्या. त्यांचे पाय स्वतःच्या वावरातल्या भुसभुशीत मातीत घोट्यापर्यंत रुतले.